मुंबई हायला उतार लागलाय : महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

सन्माननीय सदस्यहो,

सभागृहात पेट्रोल-डिझेलचा विषय निघतो तो बहुतेक वेळा दराच्या निमित्तानं. केंद्राचा कर किती, राज्याचा मूल्यवर्धित कर किती, सीमेपलीकडच्या पंपावर लिटरमागे किती रुपये कमी, यावर तावातावानं बोललं जातं. ते बोललं गेलंच पाहिजे, कारण महागाईनं पिचलेल्या माणसाचा तो प्रश्न आहे. पण ज्या तेलावर हा कर लागतो ते येतं कुठून, खडकातून निघताना कसं वागतं आणि पुढची वीस-तीस वर्षं किती वेगानं मिळत राहील, हे प्रश्न सभागृहात फारसे विचारले गेलेले मला दिसलेले नाहीत. मी भूशास्त्र शिकवतो. तेल हा माझ्या रोजच्या शिकवण्याचा भाग आहे, आणि महाराष्ट्राच्या पुढच्या पिढीची योजना ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापर्यंत हा विषय पोचावा अशी माझी कळकळ आहे. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे हा प्रश्न का विचारला जात नाही, याचं एक साधं कारण आहे. मुंबई हाय हे देशातलं आजवरचं सर्वांत मोठं तेलक्षेत्र मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर आहे, पण ते महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर नाही. खनिज तेल हा राज्यघटनेनुसार केंद्राचा विषय, आणि एवढ्या लांबच्या समुद्रातल्या तेलाची रॉयल्टीही केंद्राकडेच जाते. आसाम आणि गुजरातला त्यांच्या जमिनीवरच्या विहिरींमधून रॉयल्टी मिळते, आपल्याला मुंबई हायमधून मिळत नाही. आपल्या तिजोरीत पैसा येतो तो तेल विकलं जातं तेव्हा, पंपावर. म्हणजे राज्याचं उत्पन्न तेल जळण्याशी बांधलेलं आहे, निघण्याशी नाही. ज्याच्या निघण्याशी आपला हिशेब जोडलेला नाही, त्या विहिरीची तब्येत कशी आहे हे विचारायचं कुणाला सुचत नाही. राज्यकारभारातली ही उणीव मला फार मोठी वाटते.

१९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगनं तिथे तेल शोधून काढलं. त्याच्या आदल्याच वर्षी अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो काही महिन्यांत बाराच्या घरात गेला होता आणि देशाचं कंबरडं मोडायची वेळ आली होती. त्यामुळे हा शोध किती मोलाचा होता हे त्या वेळच्या माणसांना सांगावं लागलं नाही. एक रुपयाच्या नोटेवर मागच्या बाजूला चित्र छापलेलं आहे ते याच ‘सागर सम्राट’चं. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. ऐंशीच्या दशकात एकट्या मुंबई हायमधून रोज चार लाखांहून अधिक बॅरल तेल निघत होतं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. त्या दशकाच्या मध्याला देशाची बरीचशी गरज देशातल्याच तेलावर भागत होती, ती मुख्यतः या एका क्षेत्रामुळे.

आज तिथून रोज निघणारं तेल दीड लाख बॅरलच्या आत आहे.

हे का झालं, ते समजून घेण्यासाठी तेल मुळात काय आहे ते पाहावं लागेल. जमिनीखाली तेलाचं तळं असतं ही समजूत फार पसरलेली आहे. शिकलेल्या लोकांतही ती आढळते, आणि तेलाविषयीच्या बहुतेक चुकीच्या निर्णयांचं मूळ मला या समजुतीत दिसतं. तेल असतं खडकात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा पश्चिम किनारा सेशेल्सपासून फाटून वेगळा झाला. सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, लाव्ह्याच्या थरांनी घडला तो याच काळात. फाटलेल्या किनाऱ्याजवळ खचलेल्या भागांत उथळ समुद्र आणि दलदली तयार झाल्या. त्यांत सूक्ष्म शेवाळ आणि वनस्पतींचा पाला साचत गेला. तळाच्या चिखलात प्राणवायू कमी असल्यानं हे सगळं कुजून नाहीसं झालं नाही, वरून येणाऱ्या गाळाखाली गाडलं गेलं. थरावर थर चढले, खोली वाढली, उष्णता वाढली. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात हे गाडलेलं द्रव्य शिजतं आणि त्यातून तेल सुटतं. त्याहून फार जास्त तापलं तर तेलाचाही गॅस होतो, त्याहून कमी तापलं तर तेल होतच नाही. डायनोसॉर मरून तेल झालं असं मुलं मोठ्या विश्वासानं सांगतात. तेल झालं ते मुख्यतः डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांपासून.

तयार झालेलं तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे ते खडकाच्या छिद्रांतलं पाणी सारत वर सरकू लागतं. वाटेत न झिरपू देणारा थर आडवा आला तर तिथे अडकतं. नाही आला तर थेट पृष्ठभागावर येऊन वाया जातं. पृथ्वीच्या पोटात आजवर तयार झालेल्या तेलातलं बरंचसं असंच वर येऊन गेलं, जिवाणूंनी खाल्लं, मागे डांबर राहिलं. मोहेंजोदारोच्या स्नानकुंडाला पाणी गळू नये म्हणून जे डांबर लावलेलं सापडलं, तेही निसर्गानं असंच मागे ठेवलेलं. आसामात दिगबोईला तेल लागलं तेही जमिनीवर पाझर दिसत होते म्हणून, आणि १८८९ मध्ये तिथे विहीर खोदली गेली. मुंबई हायचं तेल अडकलं ते चुनखडकात. मायोसीन, म्हणजे साधारण दोन कोटी वर्षांपूर्वीच्या काळातल्या उथळ समुद्रात तयार झालेला, सूक्ष्म कवचांनी भरलेला हा खडक समुद्रतळाखाली सव्वा-दीड किलोमीटर खोल आहे. त्याच्यावर शेलचं, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचं, झाकण आहे आणि मधूनमधूनही शेलचे पातळ पदर आहेत. तेल या खडकाच्या बारीक छिद्रांत आणि फटींत आहे, पाणी आणि गॅस यांच्या सोबतीनं.

आपल्यातल्या ज्या सदस्यांचा मतदारसंघ दुष्काळी तालुक्यात आहे, त्यांना पुढची गोष्ट लगेच पटेल. बोअर घेतली, पहिल्या दिवशी अडीच इंच पाणी लागलं, गावात पेढे वाटले. दोन उन्हाळे उपसल्यावर तीच बोअर अर्ध्या इंचावर आली, तासभर चालते आणि हवा ओढते. खडकातलं पाणी अगदी संपलेलं नसतं, खडकाकडून बोअरकडे यायचा त्याचा वेग घटलेला असतो. आणि शेताला पाणी मिळतं ते वेगानं. खडकात किती उरलंय या आकड्यानं पीक भिजत नाही. तेलाचं हेच आहे. फरक एवढाच की बोअरला एखादा चांगला पावसाळा जीवदान देतो. तेलाचा पावसाळा कोट्यवधी वर्षांचा असतो.

विहीर नवी असते तेव्हा खडकातला दाबच तेल वर ढकलतो. तेलात विरघळलेला गॅस, तेलाखालचं पाणी, वरचा गॅसचा थर, हे सगळे त्या दाबाचे धनी. तेल निघत जातं तसा दाब उतरतो. एका मर्यादेखाली उतरला की तेलात विरघळलेला गॅस बुडबुड्यांनी सुटायला लागतो. गॅस तेलापेक्षा कितीतरी सहज वाहतो, त्यामुळे तो आधी विहिरीकडे धावतो आणि तेल मागे रखडतं. म्हणून बाजूच्या विहिरींतून समुद्राचं पाणी खडकात दाबलं जातं, ते तेलाला पुढे सारतं. मुंबई हायमध्ये ऐंशीच्या दशकापासून हे चाललं आहे. पण पाणीही सोपी वाट शोधतं. जिथे फट मोठी तिथून ते तेलाला बगल देऊन थेट विहिरीत येतं. मग विहिरीतून तेल कमी आणि पाणी जास्त यायला लागतं, ते पाणी वेगळं करा, साफ करा, पुन्हा दाबा. दर बॅरलमागे लागणारी वीज, लोखंड, माणसं, रसायनं वाढत जातात. आणि एवढं करूनही छिद्रांच्या भिंतींना पृष्ठताणानं चिकटून बसलेलं तेल सुटत नाही. जगातल्या तेलक्षेत्रांमधून सरासरी तिसरा हिस्साच बाहेर येतो. उरलेले दोन हिस्से खडकातच राहतात, ते आहेत हे सगळ्यांना ठाऊक असूनही.

तेल बाहेर आल्यावरही त्याचा स्वभाव सुटत नाही. मुंबई हायचं तेल हलकं आणि कमी गंधकाचं आहे, त्यापासून पेट्रोल-डिझेल चांगलं मिळतं, पण त्यात मेण भरपूर आहे. थंडावलं की ते गोठू पाहतं, पाइपांच्या आत मेणाचे थर धरतात आणि ते वेळोवेळी खरवडून काढावे लागतात. राजस्थानात बाडमेरला २००४ मध्ये सापडलेल्या मंगला क्षेत्राचं तेल तर इतकं मेणचट आहे की ते गुजरातपर्यंत नेण्यासाठी शेकडो किलोमीटर लांबीची पाइपलाइन सतत गरम ठेवावी लागते. व्हेनेझुएलाच्या ओरिनोको पट्ट्यातलं तेल मातीच्या चिखलासारखं घट्ट आहे. त्या देशाच्या नावावर जगातला सर्वांत मोठा साठा लागलेला आहे, सुमारे ३०० अब्ज बॅरल, आणि तरी त्याचं उत्पादन गेल्या काही वर्षांत रोजच्या दहा लाख बॅरलच्या आसपास रेंगाळत आलं. साठा आणि प्रवाह यांतलं अंतर यापेक्षा स्पष्ट मला कुठे दाखवता येणार नाही.

म्हणून ‘जगात अजून पन्नास वर्षं पुरेल एवढं तेल आहे’ हे वाक्य कुणी ऐकवलं तर त्यावर विसंबू नका. हा आकडा कसा निघतो? नोंदलेल्या साठ्याला आजच्या वार्षिक खपानं भागायचं. यात असं गृहीत धरलेलं असतं की एकोणपन्नास वर्षं ३६४ दिवस तेल पूर्ण वेगानं येईल आणि दुसऱ्या दिवशी एकदम थांबेल. खडक असा वागत नाही. शिवाय नोंदलेला साठा हाही भावावर आणि राजकारणावर हलतो. ऐंशीच्या दशकात ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेतल्या अनेक देशांनी मोठे नवे शोध न लागताच आपले साठे कितीतरी वाढवून दाखवले, कारण उत्पादनाचा कोटा ठरवताना साठ्याचा विचार होणार होता.

खडक कसा वागतो याची उदाहरणं जगभर पडलेली आहेत. मेक्सिकोचं कांतारेल हे क्षेत्र, ज्याचा सुगावा रुदेसिंदो कांतारेल या मच्छीमाराला समुद्रावर तरंगणाऱ्या तेलामुळे लागला, २००४ च्या सुमाराला रोज वीस लाखांहून अधिक बॅरल देत होतं. सहा-सात वर्षांत ते पाच लाखांच्या आसपास आलं. ब्रिटनचा उत्तर समुद्र १९९९ मध्ये माथ्यावर होता, आज तिथे त्याच्या पाव हिस्सासुद्धा निघत नाही. दोन्ही ठिकाणी पैसा होता, तंत्रज्ञान होतं, हुशार माणसं होती.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकन भूशास्त्रज्ञ एम. किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये सांगितलं होतं की अमेरिकेचं उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान माथा गाठून उतरू लागेल. ते १९७० मध्ये माथ्यावर पोचलं आणि खरोखर उतरलं. पण २०१० नंतर शेल खडक फोडून तेल काढण्याचं तंत्र पसरलं आणि आज अमेरिका रोज १ कोटी ३० लाख बॅरलच्या पुढे आहे, १९७० पेक्षा बरंच जास्त. त्यामुळे तेल संपलं अशी बोंब मारणाऱ्यांवर लोकांचा विश्वास बसत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. तरी शेलच्या विहिरीचं वागणं पाहा. पहिल्याच वर्षात तिचं उत्पादन निम्म्याहून खाली येतं. तेच उत्पादन टिकवायला सतत नव्या विहिरी खोदत राहावं लागतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं २०२५ मध्ये मांडलेला हिशेब असा की तेल-वायू काढण्यावर जगात होणाऱ्या गुंतवणुकीतला जवळपास ९० टक्के भाग वाढीसाठी नाही, घट भरून काढण्यासाठी जातो. ही गुंतवणूक थांबली तर जगाचं तेल उत्पादन दरवर्षी सुमारे ५५ लाख बॅरल प्रतिदिन एवढं घसरेल. भारताचा आजचा सगळा खप साधारण तेवढाच आहे.

मला भीती वाटते ती याची. तेल एका दिवसात संपण्याची नाही. प्रवाह टिकवणं दरवर्षी अवघड आणि महाग होत जाईल, भाव खाली कोसळून गुंतवणूक आटेल आणि मग एकदम वर उसळेल. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेच्या वायदेबाजारात तेलाचा भाव शून्याखाली गेला होता आणि दोन वर्षांच्या आत, युक्रेनच्या युद्धात, तो १२० डॉलरच्या पुढे गेला. विजेच्या गाड्यांमुळे तेलाची मागणीच आधी उतरेल असं काही अभ्यासक म्हणतात. जगात कदाचित उतरेलही. पण आपल्या देशाची मागणी वाढती आहे, आणि ट्रक, ट्रॅक्टर, मासेमारीच्या बोटी यांना बॅटरीवर आणायला वेळ लागणार आहे. त्या वेळात हे झोके सोसायचे आहेत ते आपण.

देशाचे आकडे पाहा. २०११-१२ मध्ये भारतात सुमारे ३ कोटी ८० लाख टन कच्चं तेल निघालं होतं. २०२३-२४ मध्ये ते २ कोटी ९४ लाख टनांवर आलं. याच काळात पेट्रोलियम पदार्थांचा खप १५ कोटी टनांच्या आतून २३ कोटी टनांच्या पुढे गेला. गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून येतं, आणि त्यातला मोठा भाग होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येत आलेला आहे. जगाच्या एकूण खपाच्या पाचव्या हिश्शाइतकं तेल २०२४ मध्ये याच वाटेनं गेलं. अडीअडचणीसाठी केंद्र सरकारनं विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे खडकात गुहा कोरून साठवणूक केली आहे, ५३ लाख टनांची. पूर्ण भरली तर देशाला साडेनऊ दिवस पुरेल एवढी. १९९० मध्ये इराकनं कुवेतवर हल्ला केला, तेल भडकलं, आधीच खालावलेली परकीय गंगाजळी पार आटली आणि १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून परदेशी गहाण पाठवावं लागलं. आपल्यातल्या ज्येष्ठ सदस्यांना तो उन्हाळा आठवत असेल.

आता महाराष्ट्र. मुंबई हायचा गॅस किनाऱ्यावर येतो तो उरणला. त्या गॅसच्या भरवशावर उरणला महानिर्मिती या राज्य सरकारच्या वीज कंपनीचं ६७२ मेगावॅट क्षमतेचं वीज केंद्र उभं राहिलं. हे केंद्र गॅसअभावी वर्षानुवर्षं पूर्ण क्षमतेनं चालू शकलेलं नाही. टर्बाइन आहेत, कामगार आहेत, वाहिन्या आहेत, समोर समुद्रही आहे आणि गॅस मात्र पुरेसा नाही. अलिबागजवळचा थळचा खत कारखानाही मुंबई हायच्या गॅसचा विचार करूनच उभारला गेला. विदर्भातल्या कापसाला पडणारा युरिया आणि मुंबई हायची समुद्रातली विहीर यांचा असा थेट संबंध आहे. ज्यांनी ही केंद्रं आखली ते चुकीचे नव्हते. त्यांना त्या वेळी जो प्रवाह दिसत होता त्यावर त्यांनी आखणी केली. पण तो प्रवाह किती वर्षं टिकेल हे सभागृहात दरवर्षी विचारलं गेलं असतं, तर पर्यायाची तयारी आधी झाली असती असं मला ठामपणे वाटतं.

या तेलासाठी माणसंही गेली आहेत, तेही हिशेबात धरा. २७ जुलै २००५ ला, मुंबई पुरातून सावरत असताना, मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर मदतनौका आदळून आग लागली आणि २२ जणांचा जीव गेला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ ही कामगारांच्या मुक्कामाची बार्ज बुडाली, तेव्हाच्या दुर्घटनेत सत्तरहून अधिक माणसं गेली. जुनं होत चाललेलं तेलक्षेत्र म्हणजे जुने प्लॅटफॉर्म, गंजणाऱ्या पाइपलाइन आणि सतत चालणारी दुरुस्ती. उतार लागलेल्या क्षेत्रात तेल कमी होतं, कामगारांवरचा धोका त्या प्रमाणात कमी होत नाही.

नाणार आणि नंतर बारसूचा रिफायनरी प्रकल्प आपल्याला चांगलाच माहीत आहे. जमीन, आंबा, मासेमारी, कातळशिल्पं, रोजगार, पोलीस बंदोबस्त या सगळ्यांवर दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. त्या वादात मी पडत नाही. मला खटकलं ते वेगळं. मूळ आराखडा वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करण्याचा होता. म्हणजे आज सगळ्या भारतात जेवढं कच्चं तेल निघतं त्याच्या दुप्पट. हे तेल चाळीस वर्षं कुठल्या खडकातून, कुठल्या भावानं येणार होतं? रिफायनरी तेल निर्माण करत नाही. आलेल्या तेलाचे पेट्रोल, डिझेल, नाफ्था, डांबर असे भाग ती वेगळे करते. हा प्रश्न प्रकल्पाच्या बाजूच्यांनी विचारायला हवा होता, विरोधातल्यांनीही.

इथेनॉल हे उत्तर आहे असं सांगणारे सदस्य सभागृहात बरेच असतील, कारण साखर कारखानदारी आपल्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत देश पोचला, आणि शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळाले याचा मला आनंद आहे. पण लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. उसाला लागणारं पाणी आणि युरिया कुठून येतात ते आपण जाणता. पाऊस कमी झाला तेव्हा २०२३ च्या डिसेंबरात केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, ते आपल्याच कारखान्यांना झोंबले. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, हे मिश्रण पेट्रोलचं. देशात डिझेल पेट्रोलच्या दुपटीहून अधिक खपतं. एसटीच्या बहुतेक गाड्या, ऊसतोडीचे ट्रॅक्टर, दुधाचे टँकर, ससून डॉकच्या बोटी, दुष्काळात पाणी पोचवणारे टँकर, सगळे डिझेलवर. जिल्हा मार्गावर पडणारं डांबरसुद्धा त्याच बॅरलच्या तळाशी मिळतं.

केंद्र काही करत नाही असा माझा आरोप नाही. ओएनजीसी या केंद्राच्या तेल कंपनीनं २००० सालापासून मुंबई हायच्या पुनर्विकासाचे टप्पे हाती घेतले, त्यामुळे घसरण बरीच रोखली गेली. २०२५ च्या जानेवारीत बीपी कंपनीला तांत्रिक साहाय्यासाठी निवडलं गेलं आणि दहा वर्षांत तेल ४४ टक्क्यांपर्यंत वाढेल अशी बातमी आली. ती वाचून अनेकांचा समज झाला की आज निघतं त्याच्या ४४ टक्के जास्त निघेल. तसं नाही. नेहमीच्या पद्धतीनं काम चालू ठेवलं असतं तर उतरत उतरत दहा वर्षांत जेवढं तेल मिळालं असतं, त्याच्या तुलनेतली ती वाढ आहे. ती मिळाली तर चांगलीच गोष्ट आहे. पण उतार धरूनच तिचा हिशेब मांडलेला आहे, हे लोकांना सांगितलं गेलं पाहिजे.

आपल्याकडून मला काय हवंय ते सांगतो. खनिज तेल केंद्राचा विषय असला तरी माहिती मागायला राज्याला कुणाची आडकाठी नाही. मुंबई हायमधून आणि त्याच्या शेजारच्या क्षेत्रांमधून दरवर्षी किती तेल, किती गॅस आणि त्यांच्याबरोबर किती पाणी निघालं, आणि पुढच्या वीस वर्षांचा अंदाज काय, हे राज्य सरकारनं केंद्राकडून मागून दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनात पटलावर ठेवावं. साठा किती हे नको, प्रवाह किती ते हवं. दुसरं, कोणताही मोठा रस्ता, बंदर, सिंचन योजना मंजुरीला येते तेव्हा पैशाचा हिशेब जोडलेला असतो. त्यासोबत बांधताना आणि पुढे वापरताना किती डिझेल आणि डांबर लागेल, आणि भाव दुप्पट झाला तर तो प्रकल्प तगेल का, हेही जोडलेलं असावं. पेट्रोल-डिझेलवरच्या राज्य करातला ठरावीक भाग एसटी विजेवर आणण्यासाठी आणि रेल्वेच्या रखडलेल्या मार्गांसाठी बाजूला ठेवा. एसटीनं भाडेतत्त्वावर ५,१५० विजेच्या गाड्या घ्यायचं २०२३ मध्ये ठरवलं, त्या किती संथपणे आल्या हे आपण पाहिलंच आहे.

टंचाईत डिझेल आधी कुणाला, याचा क्रम आजच ठरवून ठेवा. मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, पण डिझेलच कमी पडलं तर काय, यावर कुठलाही आदेश माझ्या पाहण्यात नाही. रुग्णवाहिका, पाण्याचे टँकर, दूध, पेरणी आणि मळणी, मासेमारी, एसटी, हा क्रम शांत डोक्यानं चर्चा करून ठरवायचा असतो. रॉकेलच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की क्रम आधी ठरलेला नसला तर दांडगा माणूस पुढे जातो आणि गरीब बाई रिकामा कॅन घेऊन परतते.

सुरुवात म्हणून येत्या अधिवेशनात आपल्यापैकी कुणीही एक तारांकित प्रश्न टाकावा. मसुदा असा: ‘उरण येथील वायू विद्युत केंद्रास गेल्या दहा वर्षांत दरवर्षी मंजूर गॅस किती, प्रत्यक्ष मिळालेला गॅस किती, त्यामुळे बुडालेली वीज किती, आणि पुढील दहा वर्षांत किती गॅस मिळेल याबाबत केंद्र शासनाकडे राज्य शासनानं विचारणा केली आहे काय, असल्यास त्याचं उत्तर काय?’ हा प्रश्न राज्याच्याच कंपनीविषयी आहे, त्यामुळे तो केंद्राचा म्हणून फेटाळता येणार नाही. उत्तर कोणत्याही पक्षाच्या सदस्याला मिळालं तरी चालेल. त्यातले आकडे समजून घ्यायला मदत हवी असेल तर राज्यातल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत भूशास्त्राचे शिक्षक आहेत, आम्ही आनंदानं येऊ.

आपला नम्र,
भूशास्त्राचा एक शिक्षक